सेल्फ घेत नाही

लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाला आमच्या दुधनीत कोणी सल्ला देत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर येतात आणि ग्राइंडरच्या आवाजात सल्ला ऐकूच जात नाही, त्यामुळे देणाऱ्याची पंचाईत होते. पण त्याच माणसाने ग्राइंडर बाजूला ठेवून वायरचं बंडल हातात घेतलं की गल्ली जमा होते. वायरिंग हे मुकाट काम. त्यात आवाज नाही, ठिणगी नाही (आली तर काम संपलंच), आणि आत काय चाललंय ते करणाऱ्यालाही दिसत नाही. जे कोणालाच दिसत नाही त्याबद्दल ठाम मत बाळगायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे आपल्याकडे पूर्वीपासून मान्य आहे.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याचं टोक. पुढे कर्नाटक. इथे घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजार समितीत जशी पार्टी येईल तशी, आणि गॅरेजमध्ये या दोन्हींच्या पलीकडची भाषा चालते: सेल्फ, डेल्को, कटआउट, चासी, फॅनबेल्ट. या भाषेत सगळ्यांना सगळं कळतं. वाद फक्त बिघाड कुठे आहे यावर होतो.

अशा गावात गल्लीतल्या मामांनी घरी गाडी बनवायला घेतली. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. तुरीचा हंगाम आटोपला की त्यांच्या हाताला चैन पडत नाही आणि घरातलं काहीतरी खोललं जातं. मिक्सर झाला, टेबलफॅन झाला, एकदा मामींचं शिलाई मशीन झालं. त्यातलं मशीन परत जोडलं गेलं, कारण मामी समोर बसून होत्या.

गाडीचं खूळ आलं ते मोबाईलमधून. डिसेंबर 2021 मध्ये एक व्हिडिओ फिरत फिरत दुधनीत पोचला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जमवलेल्या सामानाची चारचाकी केली होती. तोंडवळा जीपचा, आकार आटोपशीर, खर्च साठेक हजार. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, गाडी कुठल्याच नियमात बसत नाही हे स्पष्ट लिहिलं आणि तरी बनवणाऱ्याचं मनापासून कौतुक केलं. त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ, असंही सांगितलं, आणि जानेवारी 2022 मध्ये खरोखरच दिली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. आमच्या पारावर मात्र त्या गावाचं नाव निघालं ते बोलेरोमुळे.

"आपल्याला काय कमी हाय बे?" मामा म्हणाले.

पाराला काही सुचलं नाही. कमी काय आहे हे माहीत असणारा माणूस पारावर बसत नाही.

त्या व्हिडिओत सगळ्यांनी बोलेरो बघितली. वास्तविक व्हिडिओत बोलेरो नव्हतीच, ती नंतरची गोष्ट. जे बघण्यासारखं होतं ते कोणी बघितलं नाही, आणि ते म्हणजे लोहारांची किक. त्यांची गाडी दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून चालू व्हायची. लोकांना त्यात गंमत वाटली. मला, जे पुढे गल्लीत बघितलं त्यानंतर, त्यात शहाणपण दिसतं. किक म्हटली की सेल्फ नको. सेल्फ नको म्हटलं की बोटाएवढी जाड केबल नको, सोलेनॉइड नको, आणि "सेल्फ घेत नाही" हे वाक्यही नको.

मोटारीच्या इतिहासात हा प्रवास उलटा झालेला आहे. सुरुवातीला गाडीच्या तोंडात हँडल घालून ते फिरवायचं, आणि इंजिनने उलटा झटका दिला की मनगट हाडवैद्याकडे न्यायचं, अशी पद्धत होती. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेचा स्टार्टर केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीला तो लागला. या केटरिंगच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, त्याच्या आद्याक्षरांचं झालं डेल्को, आणि आमचा कुठलाही मेस्त्री आजही डिस्ट्रिब्यूटरला डेल्कोच म्हणतो. ओहायो राज्यातल्या डेटन गावाला याची कल्पना नसावी. असो. जगाने मनगटं मोडून घेतल्यावर सेल्फ शोधला आणि लोहारांनी तो बाजूला ठेवून पाय वापरला. मामांनी सेल्फ धरला.

तशी घरी गाडी करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली आपल्या छोट्या गाडीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला आणि पुढे पंचवीसेक वर्षं ती सुधारत राहिले. तिचं नाव 'मीरा'. बारा हजारांत सामान्य माणसाला गाडी द्यायची त्यांची उमेद होती. ती कारखान्यात काही गेली नाही. इंग्लंडात मात्र याच सुमारास घरी गाडी जोडणं हा रीतसर धंदा झाला. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी सुट्या भागांत विकायला काढली. पूर्ण तयार गाडीवर तिथे खरेदीकर होता, सुट्या भागांना तो लागत नसे. त्याबाबत एक गोष्ट सांगतात की भागांबरोबर 'गाडी कशी जोडावी' याचं पुस्तक देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून कंपनी 'गाडी कशी खोलावी' याचं पुस्तक द्यायची आणि गिऱ्हाइकाने ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं. मामांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांना त्यात विनोद दिसला नाही. "मग बरोबर हाय की," ते म्हणाले. "आपण तरी दुसरं काय करतो?"

चासी सुंदर झाली, हे मान्य करायला हवं. चौकोनी पाइप, कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या, गुण्यात बसलेले काटकोन. सोलापूरची गड्डा यात्रा भरायच्या आत चार चाकांवर उभी राहिली आणि पोरांनी ती ढकलत मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणली. गाडीचं इंजिनही मारुतीचंच होतं. मारुती 800 ची पहिली किल्ली 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत एका गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि 2014 मध्ये ती गाडी बनायची थांबली; मधल्या तीस वर्षांत इतक्या निघाल्या की भंगारात तिच्या इंजिनांना तोटा नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, दोघांनी उचलून ठेवावं इतकं हलकं. मामांनी मुद्दाम जुन्यातलं कार्बोरेटरचं निवडलं. नव्याला कॉम्प्युटर असतो, तो कशावर रुसेल सांगता येत नाही. जुन्याला वीज मुख्यतः दोन कामांना लागते, चालू व्हायला आणि प्लगमध्ये ठिणगी पाडायला. चालायला लागलं की ते स्वतःची वीज स्वतः करतं. असा संसारी जीव शोधूनच आणला होता.

आता इंजिनबरोबर त्याचं वायरिंगही येतं अशी भाबडी समजूत काहींची असते. भंगारवाला सर्वांत आधी वायरिंग कापतो, कारण तांब्याचा भाव वेगळा. त्यामुळे इंजिन आलं तेव्हा त्याला जागोजागी चार-चार बोटं लांबीचे वायरचे तुकडे लटकत होते. प्रत्येकाचा रंग वेगळा. काळ्यावर पिवळी रेघ, निळ्यावर पांढरी, पिवळ्यावर काळी. जपानातल्या कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेली ती रंगसंगती आमच्या अंगणात अशी खुडलेली पडली होती, आणि तिला जोड म्हणून मामांनी आणलं लाल वायरचं एक मोठं बंडल. पूर्ण बंडल घेतलं तर स्वस्त पडतं, हे कारण. ते कारण खोटं नव्हतं.

तिथून पुढे गाडीत सगळ्या वायरी लाल झाल्या.

"मामा, ही कुठली?"

"लाल."

"आणि ती?"

"ती पण लालच की ओ, दिसंना का?"

नकाशा होता. मामांनी तो आडत दुकानाच्या हिशेबपट्टीच्या कोऱ्या बाजूला काढला होता. बॅटरीपासून एक जाड रेघ सेल्फला. बॅटरीपासून चावीला एक. चावीपासून कॉइलला, कार्बोरेटरवरच्या छोट्या सोलेनॉइडला आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांना एक-एक. कॉइलकडून डेल्कोला. अल्टरनेटरकडून बॅटरीला परत. ऑइल प्रेशरच्या स्विचची एक, पाण्याच्या तापमानाची एक, रेडिएटरच्या पंख्याची एक. डझनभर रेघा, त्यात काही अवघड नाही. अडचण एवढीच की पट्टीच्या मागच्या बाजूचे आकडे कार्बनमधून पुढे उमटले होते, आणि सेल्फजवळ लिहिलेले 110 हे अँपिअर आहेत की कोणाच्या तुरीची पोती, यावर दोन मतं पडली. निर्णय पोत्यांच्या बाजूने लागला आणि सेल्फला घरातल्या फिटिंगची वायर जोडली गेली.

हा निर्णय देणारे गृहस्थ म्हणजे आमचे वायरमन अण्णा. अण्णांनी निम्म्या दुधनीची घरं फिट केलीत. त्यांचा सगळा जन्म 230 व्होल्टांशी अदबीने वागण्यात गेला, त्यामुळे 12 व्होल्ट त्यांना पोरखेळ वाटला. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर त्यांनी दोन अंगठे टेकवून दाखवले आणि जमलेल्या मंडळींनी मान डोलावली. काही होत नाही, ते खरंच. अंगाला बारा व्होल्ट लागत नाहीत. पण सेल्फ इंजिन फिरवायला लागतो तेव्हा शंभरावर अँपिअर ओढतो, आणि तेवढा करंट घराच्या वायरीतून न्यायचा म्हणजे गड्ड्यातली सगळी माणसं एका बोळातून बाहेर काढायची. चावी फिरवल्यावर इंजिनने फक्त 'टक्' केलं. वायरीवरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळलं. फ्यूज गेला नाही, कारण फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी होती. फ्यूज हा वायर वाचवायला असतो, दिवा वाचवायला नसतो. चंदेरीने वायर वाचवली नाही, दिवा तर तिथे नव्हताच.

अण्णांचा बारा व्होल्टांविषयीचा अनादर त्यानंतर फार टिकला नाही. कॉइलमध्ये बारा व्होल्ट जातात ते खरे, पण बाहेर पडताना पंधरा-वीस हजार होऊन पडतात. पॉइंट उघडतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि तो सगळा जोर प्लगच्या वायरीतून बाहेर निघतो. प्लगला करंट येतोय का, हे बघायला अण्णांनी ती वायर उघड्या हाताने धरली. धक्का जीवघेणा नव्हता. पण त्या क्षणी अण्णा जे कन्नडमध्ये बोलले ते इथे छापता येणार नाही, आणि मराठीत ते तितकं नीट सांगताही येणार नाही.

भाषेवरून आणखी एक प्रसंग घडला. पुण्याहून जावईबापू आले होते. इंजिनिअर, पण कॉम्प्युटरचे. त्यांना मानाने ड्रायव्हरच्या जागेवर चावीपाशी बसवलं होतं. मामा बॉनेटखाली, टेस्टलॅम्प घेऊन.

"बंतु?" पलीकडून कोणीतरी.

"बंतु बंतु!" म्हणजे आला.

"हां, मारा सेल्फ!"

जावईबापूंनी मारला. इंजिन गुरगुरलं, फिरेना. आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघायला लागला. मामा ओरडले, "ब्याड! ब्याड!"

आमच्याकडे ब्याड म्हणजे नको. पुण्यात बॅड म्हणजे वाईट. जावईबापूंना वाटलं, मामा परिस्थितीचं वर्णन करतायत. परिस्थिती वाईट आहे हे त्यांनाही दिसत होतं, म्हणून ती सुधारावी या सद्हेतूने त्यांनी सेल्फ आणखी जोरात दाबून धरला.

आता या धुराकडे जरा थांबून बघितलं पाहिजे, कारण सगळा खेळ त्यात आहे. वायर बदलून झाली होती, चांगली जाड केबल आली होती. बॅटरी नवी. मग अॅक्सिलरेटरच्या केबलचा सेल्फशी काय संबंध? पारावरच्या तज्ज्ञांनी एका सुरात कार्बोरेटरला दोषी ठरवलं, कारण धूर त्याच्या जवळ होता. एकाने इंजिन पनवती आहे म्हणून बदलायला सांगितलं. अण्णा गप्प होते. त्यांचा हात अजून झिणझिणत होता.

शेवटी अक्कलकोटहून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आले. ते आले, चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कोणत्याही वायरीला हात न लावता इंजिन धरून हलवलं. इंजिन रबरी बुशांवर बसलेलं, मस्त हललं.

"अर्थ कुठाय?"

"हाय की." मामांनी दाखवला. बॅटरीची मायनस चासीला घट्ट बोल्टने कसली होती, वर रंगसुद्धा खरवडला होता.

"हा चासीचा. इंजिनचा कुठाय?"

गल्ली गप्प झाली. ती मी फार वेळा गप्प झालेली बघितलेली नाही.

गाडीत करंट न्यायला वायर असते, पण आणायला वायर नसते. तो गाडीच्या अंगातूनच, लोखंडातून, परत बॅटरीच्या मायनसला येतो. घरात अण्णांच्या दोन वायरी असतात, इथे एक वायर आणि एक गाडी. आणि इंजिन हे गाडीत असून गाडीपासून वेगळं असतं, खाली रबर असल्यामुळे. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये एक जाड पट्टी जोडावी लागते. ती नसली की सेल्फमध्ये गेलेले शंभर अँपिअर आत अडकून बसत नाहीत, ते परत यायची दुसरी वाट शोधतात. वाटेत त्यांना भेटते अॅक्सिलरेटरची केबल: इंजिनपासून निघून चासीला पोचणारी, लोखंडाची, बारीक. सगळा लोंढा तिच्यातून गेला, ती तापली आणि धूर निघाला. कार्बोरेटर बिचारा निर्दोष होता.

बाजार समितीच्या गावात हे सगळ्यांच्या चटकन लक्षात यायला हवं होतं, कारण इथे उधारीचा कारभार असाच चालतो. पैसे निघताना दहा डोळे बघत असतात, पावती होते, सही होते. ते परत कुठल्या वाटेने येणार याची सोय कोणी करून ठेवत नाही. मग ते भलत्याच माणसाकडून वसूल होतात, आणि धूर तिथे निघतो.

बरं, ही गोष्ट रोज आमच्या डोळ्यांसमोर घडत असते. दुधनी स्टेशनावरून मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या जातात, आता विजेवर. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट. लोक त्या तारेकडे बघतात, पोरांना दाखवतात, लांब राहा म्हणून सांगतात. पण इंजिनात गेलेला तो करंट परत जातो कुठून? चाकांतून खाली, रुळांतून. ज्या रुळांवर लोक सकाळी दात घासत उभे असतात त्यातून. तिथे चांगलं जाड लोखंड आहे आणि परतीची व्यवस्था पक्की आहे म्हणून काही होत नाही. रेल्वेने ती व्यवस्था विसरायचं मनावर घेतलं असतं तर मामांच्या केबलचा धूर फारच छोटा ठरला असता.

"अर्थ कोडु," इलेक्ट्रिशियन म्हणाले आणि जंपरचा एका टोकाचा चिमटा इंजिनला, दुसरा बॅटरीच्या मायनसला लावला. जावईबापूंनी (आता एकेक शब्द दोनदा विचारून) चावी फिरवली. इंजिनने खाकरून घसा साफ केला आणि चालू झालं. मामींनी नारळ आणला. तो फोडायला चासीचा कोपरा वापरला, इतकी ती भक्कम होती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं. पण परतीच्या वाटेचा धडा एका जागी शिकला म्हणून दुसऱ्या जागी लागू पडतो असं नाही. गाडीचा मागचा भाग मामांनी फायबरचा केला होता. हलका, दिसायला गुळगुळीत, सोलापूरच्या एका फायबरवाल्याकडून बसवून घेतलेला. फायबरमधून करंट परत येत नाही. मागच्या प्रत्येक दिव्याला त्यामुळे स्वतःची परतीची वायर द्यावी लागते. मामांनी दिली, पण सगळ्या दिव्यांना मिळून एकच, आणि तीही एका गंजक्या स्क्रूला. परिणाम असा की ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचे, इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे मिणमिणत लुकलुकायचे, आणि दोन्ही केलं की काहीच नाही. गणपतीच्या दिवसांत असं मुद्दाम करायला लोक पैसे मोजतात. इलेक्ट्रिशियन काकांनी तेही नीट केलं. स्क्रू बदलताना ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मजेची. डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं की हा दिवा म्हणजे निव्वळ अपशकुन, काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो, दुरुस्त तर काही करत नाही. मामांना पटलं. त्यांनी बल्ब काढून टाकला आणि जागा रिकामी नको म्हणून तिथे स्वामी समर्थांचं चित्र चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून बॅटरी उतरायला लागली. बॅटरी बदलून बघितली, अल्टरनेटर खोलून बघितला, फॅनबेल्ट ताणून बघितला. कशातच दोष नाही. दोष त्या काढलेल्या बल्बात होता. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला स्वतः वीज करायला लागण्यापूर्वी थोडीशी वीज बाहेरून द्यावी लागते, आणि ती त्याला मिळते त्याच छोट्या दिव्यातून. दिवा म्हणजे तक्रारही आणि भांडवलही. तक्रार करणाऱ्याला काढून टाकलं की भांडवल बंद होतं आणि कारखाना का चालत नाही ते कोणाला कळत नाही. आमच्या भागातल्या दोन-तीन संस्थांची नावं माझ्या जिभेवर आलेली आहेत, पण आपण वायरिंगविषयी बोलतोय. बल्ब परत बसला. स्वामींचं चित्र जरा वर सरकवलं.

गाडी चालू लागली. आता प्रश्न उरला नंबरचा, आणि तिथे कुठल्याही इलेक्ट्रिशियनचा इलाज नाही. MH 13 घ्यायचा की सीमेपलीकडचा KA 32, यावर पारावर पुष्कळ रंगलं, जणू दोन्हीकडचे अधिकारी नंबर घेऊन ताटकळत उभे आहेत. आपल्याकडे गाडीचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो, मग नोंदणी. ही सोय कारखान्यासाठी आहे, मामांसाठी नाही. बाजारातल्या गाडीत फेरफार करून ती आपली म्हणावी तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ आणखी पक्का करून ठेवला आहे. 'ही गाडीच नव्हे, नुसता जुगाड आहे' हा बचावही उरलेला नाही. उत्तरेतल्या जुगाड गाड्यांच्या बाबतीत न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं की इंजिनवर रस्त्याने धावतं ते मोटार वाहनच. इंग्लंडात घरी केलेली एकटी गाडी तपासून नंबर देण्याची व्यवस्था आहे. तिकडे ती पाऊस पडत असताना चालते, हीच शिक्षा पुरेशी समजत असावेत.

म्हणून मामांची गाडी अंगणात आणि शेताच्या बांधापर्यंत एवढीच फिरते. पण ती वाया गेली असं कोणी म्हणायचं नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट गेली की मामी स्वतः बाहेर येतात, चावी फिरवतात आणि गाडी उघड्या अंगणात चालू ठेवतात. बॅटरीवरून दोन एलईडी दिवे स्वयंपाकघरात आणि एक तुळशीपाशी. गल्लीतली पोरं मोबाईल घेऊन हजर होतात. अण्णासुद्धा येतात, हात मागे बांधून उभे राहतात. सेल्फ एका झटक्यात घेतो. इंजिनला मग बसवलेल्या अर्थच्या पट्टीला मामींनी हळदीकुंकू लावलंय, ते मात्र इलेक्ट्रिशियन काकांना पसंत नाही, जॉइंट हिरवा पडतो म्हणतात.

लोड वाढला तसं शेजाऱ्यांनी सुचवलं की आता एक इन्व्हर्टर बसवा, चार घरांना लाईन ओढा. मामांनी लगेच मनावर घेतलं. सगळ्या वायरी लाल असल्यामुळे मागच्या वेळी गोंधळ झाला, हे त्यांना आता पूर्ण पटलंय. काल ते सोलापूरहून नवीन बंडल घेऊन आले. या वेळी काळं.